बॅटरी बसली

ही गोष्ट खरी आहे. ज्याला खोटी वाटेल त्यानं इथंच थांबावं. त्याच्यासाठी लिहिलेली नाही.

आणि एक आधीच सांगितलेलं बरं. यात अमावस्या नाही. पांढरी साडी नाही. उलटे पाय नाहीत. भुताची गोष्ट म्हटली की लोकांना मध्यरात्र लागते, कुत्री रडावी लागतात. जसं काही मेलेल्या माणसाला ऊन सोसत नाही.

हे सगळं दिवसाढवळ्या झालं. २०१२ च्या उन्हाळ्यात, बीदर जिल्ह्यात, संतपूर गावाबाहेरच्या एका शेतात.

शेत सिद्धरामचं.

सिद्धरामच्या बापाची मेंढरं होती. सिद्धराम मेंढरांमागं गेला नाही. तो हैदराबादला गेला. आधी ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर, मग स्वतःच्या गाड्या घेऊन भाड्यानं लावायला लागला. उतारवयात सगळ्या गाड्या विकून गावाकडं आला. शेतात घर बांधलं.

एकच गाडी सोबत आणली. हायब्रिड. पेट्रोलवर चालते आणि विजेवरही. हैदराबादचा एक साहेब देश सोडून गेला, त्याच्याकडून घेतलेली. चालू झाली तरी आवाज करत नाही. अशी गाडी सगळ्या औराद तालुक्यात दुसरी नव्हती, आणि सिद्धरामला त्याचा माज होता.

त्याच्या बायकोला, बाणूबाईला, त्या गाडीचा तिटकारा होता. ती तिला मुकी म्हणायची.

"अवो, सुरू झाली का न्हाई तुमची मुकी?"

"झालीय की. सुरूच हाय."

"च्च."

हे च्च नीट ऐकून ठेवा. जीभ टाळूला लावून काढलेला एवढासा आवाज. पण त्यात समोरच्या माणसाची सगळी किंमत व्हायची. तिचा धाकटा भाऊ नरसिंग चांगला मिशीवाला गडी, ग्रामपंचायतीत भाषणं करणारा. बहिणीनं एकदा च्च केलं की तो चप्पल शोधायला लागायचा.

तिटकारा होता, पण गाडी बाहेर निघाली की बाणूबाई पुढच्या सीटवर असायचीच. डावीकडं. मांडीवर पानाची चंची. चंचीत पान, सुपारी, चुन्याची डबी आणि गाडीची दुसरी चावी.

"तुमच्यापशी दोन्ही चाव्या नकोत. तुमी कुठंबी टाकून येताव."

महाशिवरात्र झाली आणि बाणूबाई गेली. झोपेतच. पहाटे सिद्धराम उठवायला गेला तर…

उठली नाही.

त्यांच्यात माती देतात. स्वतःच्या शेतात, लिंबाखाली, गाडीच्या पत्र्याच्या शेडमागं तिला माती दिली. नवं लुगडं नेसवलं. तिची चंची तिच्या उशाशी ठेवली. पान खाणाऱ्या बाईला पानाशिवाय कसं पाठवायचं, असं जावा म्हणाल्या. मुलगी प्रतीक्षा पुण्याहून आली होती. ती तेराव्यापर्यंत राहिली आणि नोकरीवर गेली.

त्यानंतर सिद्धराम गाडीकडं फिरकला नाही. जेवायचा, झोपायचा, लिंबाखाली जाऊन बसायचा.

होळी झाल्यावर एका दुपारी त्यानं शेडचं दार ढकललं. खिशातली चावी दाबली.

गाडीनं डोळासुद्धा उघडला नाही.

या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. मोठी गाडी ओढते. तिच्या वायरी नारिंगी रंगाच्या. त्यांना हात लावायचा नाही, लावला तर माणूस जागेवर जातो. दुसरी छोटी, साध्या बॅटरीसारखी. तिचं काम गाडीला जागं करणं. दारं, दिवे, गाडीतला कॉम्प्युटर, सगळं तिच्यावर. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असून उपयोग नाही. गाडी दगड.

सिद्धरामला हे पाठ होतं. बाकीच्यांना नव्हतं, आणि तरी सगळे आले.

नरसिंग ट्रॅक्टरची बॅटरी उचलून घेऊन आला. "दाजी, वायरी लावू. एका मिनटात हुईल."

"लाव. उलटी लावशील आणि गाडीचं मढं करशील. तू ट्रॅक्टर चालव बाबा."

कमलनगरहून बॅटरीवाला हावगेप्पा आला. त्यानं दुकानावर "सर्व गाड्यांचे तज्ज्ञ" असं लिहून घेतलं होतं. तज्ज्ञांनी बॉनेट उघडलं आणि आत बघत राहिले.

"अण्णा, या गाडीत बॅटरीच न्हाई."

"मागं हाय. डिकीत."

"मग डिकी उघडा की."

"डिकी कशावर उघडती?"

"कशावर?"

"बॅटरीवर."

हावगेप्पानं डोकं खाजवलं. शेवटी सिद्धरामनं रिमोटच्या पोटातली लोखंडी चावी काढली, पुढचं दार उघडलं, आणि मागच्या सीटवरून रांगत जाऊन आतून डिकीची कळ ओढली. बाहेर आला तर हावगेप्पा स्क्रूड्रायव्हर घेऊन बॅटरीचं झाकण उचकटायला लागला होता.

"काय करायलास?"

"पाणी बघायलोय. सुकली आसंल."

"हिला पाणी नसतं, गाढवा! बंद बॅटरी हाय ती!"

मग त्यानं स्वतःची बॅटरी पुढं केली. जीपला लागते तशी. सिद्धरामनं तिच्या बाजूला बोट फिरवलं.

"नळी कुठं जोडू?"

"कशाची नळी?"

"ही बॅटरी माणसं बसत्यात तिथंच ऱ्हाती. तिचा वायू बाहेर जायला नळी लागती. तुझी बॅटरी ठेवून मी काचा लावून बसलो तर मलाबी लिंबाखाली न्यावं लागंल."

हावगेप्पा तोंड पाडून सामान भरायला लागला. शेडमध्ये शांत झालं…

"च्च."

हावगेप्पा वळला. "अण्णा, जमलं न्हाई, मान्य हाय. पण च्च कामून करता?"

"मी कुठं केलो?"

दोघांनी गाडीकडं बघितलं.

"रिले असंल," सिद्धराम म्हणाला. "गाडीतला बटणासारखा डबा असतो. तो वाजतो तसा."

हावगेप्पाला पटलं. त्याला काहीही पटायचं.

सिद्धरामला मात्र पटलं नाही. रिले वाजायला वीज लागते. गाडीत वीज नव्हती.

हैदराबादहून या गाडीला चालणारी बॅटरी मागवली. नळीची. ती आल्यावर सिद्धरामनं हातातलं कडं काढलं, हातमोजे चढवले. गाडीची चावी घरात नेऊन पत्र्याच्या पेटीत टाकली, म्हणजे काम चालू असताना गाडी मध्येच जागी व्हायला नको. डिकीला काठीचा टेका दिला. आधी काळी वायर सोडवली, मग लाल. पाना दोन्हीकडं एकदम टेकू दिला नाही. जुनी काढली, नवी बसवली, पट्टी आवळली, नळी जोडली. लाल आधी, काळी शेवटी.

चावी आणून बटण दाबलं आणि गाडी जागी झाली. डॅशबोर्डवर हिरवा दिवा. आवाज नाही.

बऱ्याच दिवसांनी सिद्धराम हसला. "झाली की गं," म्हणाला. आणि मग त्याचं लक्ष डाव्या सीटकडं गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ओसरीत भाकरी खात होता. समोर शेड, शेडमध्ये गाडी. वारा नव्हता. लिंबाचं पान हलत नव्हतं.

गाडीतला दिवा लागला.

हळूच. या गाडीला अशी सवय आहे. चावी खिशात घेऊन मालक जवळ आला की ती ओळखते, आतला दिवा लावते. आरसे उघडते.

आरसे उघडले…

पण सिद्धरामची चावी घरात होती. परत पेटीत.

"खट्."

डावीकडचं दार. फक्त डावीकडचं.

भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला. दार उघडलं नाही. कुणी आलं नाही, गेलं नाही. थोड्या वेळानं दिवा विझला.

संध्याकाळी बघितलं तर नवी बॅटरी बसलेली.

सिद्धरामनं हैदराबादला व्यंकटला फोन लावला. व्यंकट पूर्वी त्याच्याच गाड्या दुरुस्त करायचा, आता मोठ्या गॅरेजात होता. त्या वेळी नरसिंग चहाला आलेला, शेजारीच बसला होता.

"अण्णा, सोपं हाय," व्यंकट म्हणाला. "दुसरी चावी गाडीजवळ कुठंतरी पडलीय. चावी जवळ असली की गाडी झोपत न्हाई. दोघी बोलत बसत्यात. बॅटरी खाली व्हती."

"बोलत बसत्यात?"

"आमी आपलं असं म्हणतो अण्णा. दुसरी चावी कुठं हाय तुमची?"

सिद्धरामची नजर लिंबाकडं गेली.

"कुठं हाय, अण्णा?"

"…चंचीत."

"मग काढा तिथून."

सिद्धरामनं फोन ठेवला. चूक झाली ती इथं. तो शब्द त्यानं नरसिंगसमोर बोलायला नको होता.

नरसिंगची कपबशी वाजली. "अक्काच्या चंचीत? जी मातीत दिली ती?"

"तू चहा पी."

"दाजी, अक्का अडकलीय! चावी तिच्यापाशी, गाडी इथं. ती कशी सुटंल? चावी काढाय पायजे. उकरून."

"नरसिंग."

"तिच्या चांगल्यासाठीच म्हणायलोय."

"तिच्या जागेला कुणी फावडं लावलं, तर त्याचं फावडं आणि त्याचं डोकं, दोन्ही माझ्या हातात असंल."

पण नरसिंगला विषय मिळाला होता. ग्रामपंचायतीत काही काम नव्हतंच. चार दिवसांत सगळे भावकीवाले, अंगात येणारा भीमण्णा, ज्यांनी बाणूबाईच्या दारात कधी पाय ठेवला नव्हता ते लोक, सगळ्यांना तिच्या आत्म्याची काळजी लागली. भीमण्णानं अंगात आणून सांगितलं, लोखंडाची चावी असली तर जीव जात नाही. चावी प्लास्टिकची होती. देवाला ते कळलं नसावं.

प्रतीक्षा फोनवर चिडली. "अप्पा, तुम्ही गाडी विकून टाका. संपला विषय. पण आईला हात लावू देऊ नका."

"गाडी विकणार न्हाई. आणि हातबी लावू देणार न्हाई."

"मग करणार काय?"

करणार काय, ते सिद्धरामनं सगळ्यांसमोर सांगितलं. मातीखालच्या चावीचा गाडीला पत्ता लागत नाही. ती चार हात लांब गेली तरी गाडीला कळत नाही. बॅटरी बसती ती गाडीतल्या कुठल्यातरी बिघाडानं. गाडी कमलनगरला हावगेप्पाच्या आवारात नेऊन ठेवतो. बॅटरीची काळी वायर सोडून ठेवतो. कशाला जोडलेलीच नाही ती बॅटरी बसंल कशी? पुढच्या आठवडी बाजारापर्यंत ती भरलेली राहिली तर तोंडं बंद करायची.

"आणि बसली तर?" नरसिंगनं विचारलं.

"बसणार न्हाई."

"पण बसली तर?"

"तर मग उकर." तो हे तुच्छतेनं बोलला. हवेत हात उडवून. असल्या माणसांशी पैज लावायलासुद्धा त्याला कमीपणा वाटत होता.

बॅटरी चार्ज करून गाडी कमलनगरला नेली. वायर सोडली. चावी सिद्धरामनं घरी आणली.

बाजार यायच्या आतच हावगेप्पाचा फोन आला. मागं रस्त्यावरच्या जीपांची बोंब, आवाज तुटत होता.

"अण्णा… बसली."

"कशी बसंल? वायर कुणी जोडली?"

"कुणीबी न्हाई अण्णा. बसलीय. सकाळधरनं बसलीय."

"मीटर लावून बघितलास?"

"मीटर कशाला? डोळ्यांनी दिसायलीय."

"बॅटरी बसलेली डोळ्यांनी दिसती व्हय रे?"

तिकडून जीपांची बोंब कमी झाली, हावगेप्पा आडोशाला गेला असावा.

"बॅटरी न्हाई, अण्णा." हावगेप्पाचा आवाज लहान झाला होता. "बाई. पुढच्या सीटवर बाई बसलीय. मला वाटलं तुमच्या घरच्या कुणी. ऊन लई हाय मनून तांब्याभर पाणी नेऊन दिलो. काच वाजवलो. तर…"

"तर काय?"

"तर च्च केल्या."

"मग?"

"मग मी पाणी ठेवून आलो. वळून बघितलो तर कुणीबी न्हाई. अण्णा, तुमी गाडी घेऊन जा. आजच जा."

"ऊन लागलंय तुला," सिद्धराम म्हणाला आणि फोन ठेवला.

संध्याकाळी तो गेला. मीटर लावला. काटा खाली पडलेला. कशाला जोडलेली नव्हती ती बॅटरी, आणि कुणीतरी चोखून घ्यावी तशी रिकामी होती. हावगेप्पानं बॅटरी चार्ज करून दिली, पण तो गाडीजवळ आला नाही. चार्जरची लांब वायर दुकानातून सोडली आणि तिथूनच बघत राहिला. सिद्धराम रात्री गाडी घेऊन घरी आला, पण बातमी त्याच्याआधी पोचली होती.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी नरसिंग आला. सोबत भावकी. सोबत भीमण्णा, हळदी-कुंकवासकट. आणि फावडी.

"दाजी, तुमीच शब्द दिलाव."

सिद्धराम शेडच्या दारात उभा होता. त्याच्यामागं गाडी. गाडीमागं लिंब. उभा राहून तरी किती उभा राहणार? माणसं बरीच होती, आणि शब्द त्याचाच होता.

"थांब," तो म्हणाला. "एकदा बघा सगळे. मग काय करायचं ते करा."

त्यानं डिकी उघडली, काठी लावली. काळी वायर. लाल वायर. पट्टी. नळी. बॅटरी उचलून बाहेर आणली आणि सगळ्यांसमोर पोत्यावर ठेवली. घामानं सदरा पाठीला चिकटला होता.

"ही बघा तुमची अक्का. काळा डबा. आता या गाडीत काय ऱ्हायलं? लोखंड. यात आता एक दिवा जरी लागला, तर मी माझ्या हातानं फावडं देतो तुला. लागणार न्हाई. कारण वीज न्हाई. आणि वीज न्हाई तर कुणीबी न्हाई. कळलं का, अडाण्यांनो?"

भीमण्णानं हातातलं हळदी-कुंकू खाली ठेवलं.

आधी आवाज आला.

"टिंग…"

बारीक. गोड. देवळातली छोटी घंटा वाजावी तसा.

"टिंग… टिंग…"

सगळे पुढं सरकले. पुढच्या काचेतून काळा पडलेला डॅशबोर्ड दिसत होता. त्यात एकच लाल ठिपका पेटला होता. विझायचा. पेटायचा.

"कशाचा दिवा हाय, दाजी?" नरसिंगनं विचारलं.

सिद्धराम काचेपाशी वाकला.

"दाजी?"

"पट्ट्याचा."

"कसला पट्टा?"

"डाव्या सीटचा." सिद्धरामनं काचेतून बोट दाखवलं. "सीटवर वजन आलं आणि माणसानं पट्टा लावला न्हाई, की तो दिवा लागतो."

डावी सीट रिकामी होती. सगळ्यांना दिसत होती. रिकामी…

फक्त मधोमध गादी जराशी दबलेली.

बाणूबाईनं जन्मात कधी पट्टा लावला नव्हता. मी काय म्हैस हाय का बांधून न्यायला, असं म्हणायची. पेट्रोल पंप येईपर्यंत गाडी अशीच टिंग टिंग करत राहायची आणि ती शांतपणे पान लावत बसायची.

सिद्धराम खाली वाकला. जमिनीवरचं एक फावडं उचललं. आपल्या शब्दाप्रमाणं नरसिंगपुढं धरलं.

"घे."

नरसिंगनं हात पुढं केला नाही.

"घे की. बोललोय मी. उकर." सिद्धराम आता मोठ्यानं बोलत नव्हता. "पण एक बघ. ती तिथं मातीत न्हाई. ती इथं बसलीय. तुझ्याकडंच बघायलीय. तिच्या डोळ्यांपुढं उकर."

नरसिंगनं फावड्याला हात लावला. मग ते धरलं. लिंबाच्या दिशेनं त्यानं एक पाऊल टाकलं असेल नसेल…

"च्च."

काचा बंद होत्या. तरी तो शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेला.

फावडं खाली पडलं. नरसिंग गेला. पळाला असं म्हणता येणार नाही, पण चप्पल तिथंच राहिली. भीमण्णानं हळदी-कुंकू त्याच्याही आधी उचललं होतं. थोड्या वेळात शेतात कुणी उरलं नाही.

लिंबाखालच्या मातीला कुणी हात लावला नाही, ते आजपर्यंत. चावी तिथं चंचीत आहे की नाही, कुणालाच माहीत नाही.

सिद्धराम उजवीकडचं दार उघडून आत बसला. स्टिअरिंगवर हात ठेवून.

"टिंग… टिंग…"

मग तो डावीकडं वळून म्हणाला, "आयुष्यभर ऐकली न्हाईस. आता तरी ऐक."

आडवा हात घातला. डाव्या सीटचा पट्टा ओढला. खाली आणून खटक्यात घातला.

आवाज थांबला. लाल दिवा गेला.

रिकाम्या सीटवर पट्टा सपाट पडायला हवा होता.

तो पडला नाही.

त्यानंतर सिद्धरामनं तीच बॅटरी पुन्हा बसवली. नळीसकट, लाल आधी, काळी शेवटी. ती परत कधी बसली नाही. कसलाच बिघाड सापडला नाही. व्यंकट हैदराबादहून येऊन तपासून गेला. म्हणाला, अण्णा, इतकी चांगली बॅटरी मी बघितली न्हाई.

मे महिन्यात प्रतीक्षा आली. कमलनगर स्टेशनवर सिद्धराम गाडी घेऊन आला होता. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा. एवढं नीटनेटकं तिनं त्याला आई होती तेव्हाही बघितलं नव्हतं. तिला बरं वाटलं. तिनं पुढचं दार उघडायला हात घातला.

"मागं बस," तो म्हणाला.

"का?"

"मागं बस गं. पुढं जागा न्हाई."

प्रतीक्षा शिकलेली मुलगी. गावातल्या कहाण्या तिनं फोनवर हसण्यावारी नेल्या होत्या. मामाला तर तिनं मूर्ख म्हटलं होतं. तरी ती मागं बसली.

गाडी विजेवर निघाली. मुकी. संतपूरच्या रस्त्याला तिनं ऐकलं, अप्पा मधूनमधून बोलत होते. तिच्याशी नाही.

"व्हय… हळूच चालवायलोय… अगं, दिसला मला तो खड्डा… बरं, बरं."

प्रत्येक वाक्याआधी ते थोडे थांबायचे. कुणाचं तरी बोलणं पूर्ण होऊ द्यावं तसे.

घरी पोचल्यावर तिनं तिच्या बाजूचं दार ढकललं. सिद्धराम उतरून वळसा घालून पुढच्या डाव्या दारापाशी गेला होता. त्यानं पट्टा सोडला, दार उघडून धरलं आणि बाजूला उभा राहिला.

"थांब पोरी. आधी तिला उतरू दे. गुडघे दुखत्यात तिचे."

ते दोघं उन्हात थांबले. आईला उतरायला जितका वेळ लागायचा तितका वेळ.

प्रतीक्षा आठवडा राहायला आली होती. दुसऱ्याच दिवशी बसनं गेली. बस स्टँडपर्यंत ती चालत गेली. ऑफिसचं काम निघालं, असं तिनं सांगितलं. सिद्धराम रागावला नाही. तो आता कुणावरच रागावत नाही, आणि तिला तेच जास्त लागतं.

आता तो दर रविवारी फोन करतो. पाऊस किती झाला, सोयाबीन कसं आहे, ते सांगतो. मागच्या रविवारी आनंदात होता.

"दिवाळीला यायलोय पुण्याला," म्हणाला. "गाडीनंच. बॅटरी चांगली हाय. काय काळजी न्हाई."

"एकटे एवढं लांब कसे चालवाल, अप्पा?"

"एकटा कशाला? आमी दोघंबी यायलोय. ती म्हणायलीय, पोरीचं घर एकदाबी बघितलं न्हाई."

प्रतीक्षाला नको म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलंही…

फोनवर सिद्धराम काही बोलत नव्हता. कुणीतरी दुसरंच ऐकत होतं, जीभ टाळूला लावून, प्रतीक्षा काय म्हणते ते.

"या," ती म्हणाली.